चौथा हिस्सा कोरडा

तीन छेद चार म्हणजे, असं मिस्बाह म्हणाली आणि समोरचा पडदा काळा झाला.

वाक्य ओठांवरच राहिलं. काळ्या काचेत तिला स्वतःचं तोंड दिसत होतं, दातांच्या डॉक्टरपुढे उघडतात तसं अर्धवट उघडं. वर ओढणीची कड, मागे दाराची चौकट, दारापलीकडे अब्बांच्या खाटेचा एक पाय. तिनं लॅपटॉपच्या पोटाखाली हात घातला आणि लगेच काढून घेतला. सोमवार, दुपारचे दोन चाळीस, अकोला, मे महिना. याहून जास्त काय सांगायचं. तीन छेद चार म्हणजे काय ते पुण्याच्या गीतांजली मॅडमना आता कधीच कळणार नव्हतं. अर्थात त्यांना ते माहीतच होतं. त्या फक्त सहावीतल्या मुलीचं सोंग घेऊन बसल्या होत्या, आवाज बारीक करून, आणि मिस्बाह त्यांना शिकवून दाखवत होती. पंचवीस मिनिटांचा नमुना तास. तो जमला तर घरी बसून रोज पाच तास गणित शिकवायचं काम, महिन्याच्या महिन्याला पगार. घरी बसून. हे दोन शब्द तिनं जाहिरातीत वाचले तेव्हाच ती दमली होती, कारण मिळालं नाही तर काय, हे त्यांच्या मागोमाग येऊन उभं राहिलं होतं.

कंपनीच्या अटी तीनच होत्या. उजेड समोरून हवा. कसलाही आवाज यायला नको. मागे माणूस दिसायला नको. उजेडासाठी टेबल खिडकीशी लावलं, तोंड खिडकीकडे, पाठ दाराकडे. आवाजासाठी कूलर बंद केला, आणि तिथंच सगळं बिनसलं. या घराचा कूलर म्हणजे नाल्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीचा सख्खा भाऊ. तो चालू असला की अम्मी हयात असताना देखील बोलणं खुणांनी चालायचं. तो बंद केला, छताचा पंखा बंद केला (तोही कुरकुरतो), आणि पंचेचाळीस अंशांचा अकोला खोलीत येऊन मांडी घालून बसला. मिस्बाहला ऊन सोसतं. इथं जन्मलेल्या कुणालाही सोसतं. लॅपटॉप मात्र इथला नव्हता. तो एका वकिलाच्या हापिसातून सेकंडहँड आला होता आणि त्याच्या आयुष्याची सहा वर्षं एसीत गेली होती.

मॅडमचा फोन आला तेव्हा त्या स्वतःच्या आवाजात बोलत होत्या. त्या चांगल्या होत्या, हीच पंचाईत. गुरुवारी दोन वाजता पुन्हा घेऊ म्हणाल्या, मशीनचं तेवढं बघा म्हणाल्या. मिस्बाह हो म्हणाली. तिच्या पुणेरी 'हो'मध्ये ती चार महिने घालून बसली होती. 'मले'चं 'मला' केलं होतं, 'करून राहिली'चं 'करते आहे' केलं होतं, आरशापुढे उभं राहून, आणि आता तिला झोपेतसुद्धा 'मला' असंच सुचायचं, जे फार थकवणारं होतं.

शाकीबचा फोन त्याच संध्याकाळी. भाऊ मोठा, भिवंडीत, चौथ्या मजल्यावर. वाईट बोलला नाही तो. ईद तक देख ले, एवढंच म्हणाला. बकरी ईदपर्यंत घर चालेल एवढं तुझं तुला मिळायला लागलं तर राहा तिथं दोघं. नाही तर घराला कुलूप लावू, अब्बांना मी इकडे आणतो. तुझंही मग बघू. 'तुझंही' म्हणजे काय ते त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. ते दोघांनाही माहीत होतं: निकाह, ओळख ना पाळख अशा कुणा माणसाशी. अब्बा एकदा भिवंडीला अकरा दिवस राहून आले होते. खिडकी उघडली की समोर दुसऱ्याची खिडकी. पहिल्या दिवशी त्यांनी सुनेला विचारलं, इथं वारा कुठून येते? तिनं शाकीबला विचारलं. शाकीबनं बाहेर डोकावून पाहिलं आणि आत येऊन सांगितलं की वारा येत नाही. अकरा दिवस अब्बा त्या खोलीत दिशा हरवलेल्या माणसासारखे बसून होते. परत आल्यावर अकोल्याच्या फलाटावर त्यांनी आधी तोंड वर करून हवा घेतली, मग पिशवी उचलली.

बुधवारी सकाळी लॅपटॉपखाली ठेवायचा स्टँड आला. अमरावतीहून नगमानं, म्हणजे मावसबहिणीनं, एसटीच्या कंडक्टरजवळ दिला होता आणि फोनवर बसचा नंबर सांगितला होता. काळ्या जाळीचा, वहीएवढा, खाली पाच छोटे पंखे, वायर लॅपटॉपमध्येच खोचायची. लावला की पंख्यांमधून निळा उजेड पडतो. मिस्बाहनं तो टेबलावर ठेवला, त्यावर लॅपटॉप ठेवला, एक आकडा दाखवणारं अॅप उतरवून घेतलं आणि परीक्षेला बसल्यासारखी त्या आकड्यापुढे बसली. लॅपटॉपच्या आतला ताप. एकोणऐंशी. पंच्याऐंशी. कूलर बंद, पंखा बंद, दुपारचे दोन. एक्क्याण्णव. पाचही पंखे इमानदारीनं फिरत होते. तिनं जाळीखाली बोटं धरली आणि तिला कळलं की ते काय करत आहेत: खोलीतली तापलेली हवा उचलून लॅपटॉपच्या पोटाला लावत आहेत. दुसरी हवा त्यांच्याजवळ नव्हतीच. जेवढी मिळाली तेवढी इकडची तिकडे करत होते बिचारे, आणि वर निळा उजेड. तिला त्यांचा राग आला नाही. तीही पाच वर्षं शिकवण्यांमध्ये हेच करत आली होती. अठ्ठ्याण्णवला पडदा काळा झाला.

दारातून अब्बा पाहत होते. अब्दुल गफ्फार, वय एकाहत्तर, लुंगी, बनियन, हातात तसबीची माळ नाही तर विड्यांचं बंडल, आणि हात, दोन्ही हात, हल्ली पानं हलावीत तसे हलणारे. ते आले, वाकले, स्टँडला एका बोटानं शिवले.

"ह्याले पाणी कुठून देतात?" त्यांनी विचारलं.

"पाणी नाही लागत अब्बा. पंखे आहेत."

"पाण्याबगर थंडा?" असं म्हणून ते हसले नाहीत. ज्या माणसानं एखाद्या गोष्टीत उमर घातली तो त्या गोष्टीवर हसत नाही. घरात ते तिच्याशी उर्दूत बोलत, पण ताटीचा, म्हणजे खिडकीवरच्या वाळ्याच्या पडद्याचा, विषय निघाला की वऱ्हाडीत येत, कारण ते काम ते मराठी माणसांमध्ये शिकले होते. तीस उन्हाळे त्यांनी कचेरीत वाळ्याच्या ताट्या बांधल्या आणि भिजवल्या. कोर्टाच्या पश्चिमेच्या बारा खिडक्या. नत्थुजी नावाचा म्हातारा पट्टेवाला होता, त्यानं शिकवलं: दर तासाला, सव्वाच्या ठोक्याला, भिंतीला धरून आत यायचं, साहेब आणि वकील यांच्या मधून जायचं नाही, खोकायचं नाही, टमरेल वाजवायचं नाही, मनगटातून पाणी मारायचं आणि भिंतीला धरून परत. फाशीच्या निकालातसुद्धा सव्वाला पाणी पडलं पाहिजे. मग कूलर आले. मग अब्बा कूलरच्या जाळीत गवत भरायला लागले. मग गवतही गेलं, पुठ्ठ्यासारखी मधाच्या पोळ्याची जाळी आली, ती कुणीही बसवतो.

"ताटीचा आवाज नसते," ते म्हणाले. "जजसाहेबाच्या कानाले काही लागत नसे. मी बांधून देतो."

हे इतकं सरळ होतं. आवाज नको, वीज नको, वारा पश्चिमेचा आणि खिडकीही पश्चिमेची. पलंगाखालच्या गोणीतून वाळ्याचा गठ्ठा निघाला, इतका जुना की त्याला वास म्हणून उरला नव्हता. बुधवारची दुपार अब्बा कामट्या तासत बसले. चहाचा कप धरता येत नाही त्या हातांनी सुतळीच्या गाठी मात्र एकामागून एक पडत होत्या, हे ती स्वयंपाकघरातून बघत होती, आणि बघवत नव्हतं म्हणून परत परत बघत होती. चौकटीचे त्यांनी चार आडवे हिस्से केले. वरच्या तिनांवर पाणी मारायचं, खालच्या चौथ्याला हात लावायचा नाही. का? ते आपोआप उतरते, अब्बा म्हणाले. खाली मारलं तर वाया जाते, भिंत सडते. माणसाले धीर पाहिजे.

चारमधले तीन. ती कणकेकडे वळली. पण कुठंतरी ते नोंदलं गेलं.

तिला भीती एकाच गोष्टीची होती. खिडकीच्या मागं नाला, बाहेर उभं राहायला जागाच नाही, म्हणजे पाणी आतून मारायचं. खिडकी आणि पाणी मारणारा यांच्या मधोमध टेबल, टेबलावर स्टँड, स्टँडवर लॅपटॉप, आणि लॅपटॉपच्या उघड्या बटणांवरून ते पाणी जाणार. ज्या हातातून परवाच शेवयांची वाटी सुटली त्या हातून. शिवाय तिसरी अट. म्हणून गुरुवारी सकाळी तिनं त्यांना समजावलं की ताटी मी दीडलाच भिजवून घेते अब्बा, मग तास संपेपर्यंत कुणी आत यायचं नाही, अर्ध्या तासाचाच सवाल आहे. अब्बा ठीक है म्हणाले. तरी तिनं जर्मनचं टमरेल उचलून पिठाच्या डब्यामागे ठेवलं. एकाहत्तर वर्षांच्या माणसापासून टमरेल लपवताना तिला स्वतःचीच कीव आली. अम्मी असती, खुर्शीदबी, तर काहून लपवतं वं त्याचं टमरेल, असं फटकन् म्हणाली असती. ती चांदूर बाजारकडची, तिला उर्दूही वऱ्हाडीतच यायची.

दोन वाजले. गीतांजली मॅडमनी आवाज बारीक केला. मिस्बाहनं पुणेरी केला.

शहाऐंशी.

खिडकीतून येणारी हवा खरोखर गार होती. जुना वाळा पाण्यानं जागा झाला होता आणि त्याला वास आला होता, मडक्याचा, रमजानच्या सरबताचा, आणि का कोण जाणे शाळेतल्या पहिल्या दिवसाचा. आणि मिस्बाह अपूर्णांक म्हणजे काय ते सांगत असताना तिचं अर्धं मन त्या वासात होतं, जिथं अब्बा कचेरीतून ओल्या बाह्यांनी घरी यायचे आणि ती त्यांच्या बाहीत तोंड खुपसायची. तिथं नेहमी थंडावा असायचा. चाळीस अंशांतसुद्धा. ती त्यांना गारेगार अब्बा म्हणायची. हे ती विसरली होती. छेद खाली लिहायचा, अंश वर. हो मॅडम. हो बाळा, असं म्हणायचं होतं.

अठ्ठ्याऐंशी. दोन वाजून नऊ मिनिटं.

पण दीडला मारलेलं पाणी ते. लू अशी होती की ओढणी दोरीवर टाकताटाकता वाळावी. ताटीचा वरचा हिस्सा करडा पडायला लागला, मग दुसरा. पाचही पंखे मिळेल ती हवा उचलत होते आणि ती हवा पुन्हा अकोल्याची होत चालली होती.

एक्क्याण्णव.

घामाचा एक थेंब तिच्या भुवईवर थांबला. पुसायचा नाही, समोरून दिसतं. मॅडम बारीक आवाजात विचारत होत्या, टीचर, तीन छेद चार म्हणजे नक्की काय?

चौऱ्याण्णव. दोन वाजून चौदा.

पंधरा.

पडद्याच्या कोपऱ्यात तिची स्वतःची खिडकी होती, डाक तिकिटाएवढी. त्यात तिचं तोंड आणि मागे दार. दारात अब्बा आले. हातात टमरेल होतं. या घरातली लपवायची जागा त्यांनीच अम्मीला कधीतरी दाखवलेली असणार. ते आत येत होते तसं येताना तिनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. भिंतीला धरून, पाठ किंचित वाकवून, पावलाचा चवडा आधी, टाच नंतर, नजर खाली. हे तिचे अब्बा नव्हतेच. हा कोर्टातला कुणी माणूस होता, ज्याला तीस वर्षं कुणी पाहिलं नाही, कारण त्याचं काम न दिसण्याचं होतं. आणि कॅमेरा त्याला पाहत होता. मिस्बाहकडे एक क्षण होता. हात वर करून थांबवता आलं असतं. एका बटणावर बोट ठेवून आपलं चित्र घालवता आलं असतं. तिचं बोट त्या बटणापासून चार बोटं दूर होतं आणि तिला ते चार कोसांसारखं वाटलं. थांबवलं तर अठ्ठ्याण्णव, पडदा काळा. नाही थांबवलं तर. डाक तिकिटात अब्बांचा हात वर गेला. तो हलत होता. मग मनगट मागं गेलं आणि हात हलायचा थांबला, नुसता थांबला, जसा घरातला आवाज वीज गेल्यावर थांबतो.

पाणी तिच्या खांद्यावरून गेलं. काचेच्या तावदानासारखं, पसरून. त्यातला एक थेंबसुद्धा बटणांवर पडला नाही. वरच्या तिन्ही हिश्शांवर ते एकदम आणि सारखं बसलं. आवाज झाला तो वाळ्यानं पाणी ओढल्याचा, इतकाच.

"मागे कोण आहे?" मॅडमचा आवाज एकदम मोठ्या बाईचा झाला.

"अब्बा आहेत," मिस्बाह म्हणाली. "ताटीले पाणी मारून राहिले."

चार महिन्यांचं 'ला' एका श्वासात गेलं. आता जे जायचं ते गेलंच होतं. मग तिनं ते केलं जे तिनं ठरवलं नव्हतं. लॅपटॉपचा पडदा धरून तो सगळाच, स्टँडसकट, खिडकीकडे वळवला. बघ, ती म्हणाली. ही ताटी. हिचे किती हिस्से केले? चार. माझ्या अब्बांनी पाणी किती हिश्शांवर मारलं? मोज. मग बारीक आवाज परत आला, आणि या वेळी तो सोंगाचा वाटेना.

"तीन."

"मग चारातले तीन ओले. हेच तीन छेद चार."

"पण टीचर, चौथा कोरडाच राहणार का?"

"नाही. थांबायचं. वरचं पाणी उतरते."

तिनं लॅपटॉप परत आपल्याकडे वळवला, तोवर अब्बा भिंतीला धरून परत गेले होते. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. आपण दिसलो हेही नाही. एक्क्याण्णव, मग अठ्ठ्याऐंशी, मग पाच-सात मिनिटांत त्र्याऐंशी, आणि लॅपटॉपच्या आतला पंखा, जो गेले दोन महिने दम लागल्यासारखा धापत होता, तो ऐकू येईनासा झाला. पंचवीस मिनिटं पुरी झाली. मॅडम काहीतरी म्हणणार होत्या. मग धन्यवाद म्हणाल्या.

तीन वाजून पाच मिनिटांनी मेल आला. एक तक्ता होता. विषयाचं ज्ञान, समोर बरोबरची खूण. शिकवण्याची पद्धत, खूण. आवाज, खूण. यंत्राची स्थिती, खूण. घरातली स्वतंत्र जागा, फुली. खाली एक ओळ, की नियमानुसार एक फुली असली तरी पुढं घेता येत नाही, आणि त्याखाली, तक्त्याबाहेर, कुणीतरी वेगळ्या अक्षरात टाकलेलं, की तुम्ही फार छान शिकवता. मिस्बाहनं तो वाचला. नवीन काही वाटलं नाही. ज्या क्षणी अब्बा दारात आले त्याच क्षणी हा मेल आला होता, फक्त पोचायला पन्नास मिनिटं लागली. तिनं यंत्राच्या स्थितीपुढच्या खुणेकडे जास्त वेळ पाहिलं. ती अब्बांची खूण होती. आणि फुलीही. दोन्ही एकाच टमरेलानं मारलेल्या.

मोबाइल थरथरला. शाकीब. हुआ क्या? तिनं तो पालथा ठेवला. भिवंडीच्या चौथ्या मजल्यावर वारा कुठून येतो याचा ती विचार करायला लागली आणि तो अर्ध्यावर सोडला. कूलर लावायला हवा होता. उठायला हवं होतं. शेजारच्या खोलीत अब्बांची खाट वाजली. ते अजून जागेच होते. कान इकडे लावून, तास सुटायची वाट बघत. तास सुटल्याचं त्यांना कळेल कसं? ती उठून कूलर लावेल, तेव्हा. ती उठली नाही. अंगात एक जुना थकवा होता, तो या आठवड्याचा नव्हता, आणि तो त्या स्टँडमधून येणाऱ्या हवेत थोडा थोडा ढिला होत होता. निळा उजेड. पाच पंखे. वाळ्याचा वास ओसरायला लागला होता. ताटीचा वरचा हिस्सा पुन्हा करडा.

तीन वाजून पंधरा मिनिटांनी दार हललं.

मेल पडद्यावर उघडाच होता. कोपऱ्यातलं तिकीट तासाबरोबर गेलं होतं. त्यामुळे मागचं दिसत नव्हतं आणि तिनं वळून पाहिलंही नाही. फक्त पावलांचा आवाज: चवडा, मग टाच, भिंतीला धरून. तो डावीकडे येऊन थांबला. तिनं मान किंचित वळवली. अब्बांनी भुवया वर करून लॅपटॉपकडे खूण केली: चालू आहे ना? बंद नाही पडला? कोर्टात बोलायचं नसतं.

मिस्बाहनं मान हलवली. चालू आहे.

त्यांच्या तोंडावर जे आलं ते बघायला नको म्हणून तिनं पडद्याकडे तोंड फिरवलं, पाठ ताठ केली, ओढणी सारखी केली, आणि त्या तक्त्याला, त्या चार खुणांना आणि एका फुलीला, स्पष्ट आवाजात शिकवायला लागली.

"तीन छेद चार म्हणजे," ती म्हणाली, आणि पाणी खांद्यावरून जाईपर्यंत थांबली.